विश्लेषण : मेन्यू कार्डवर आहे, पण ‘आज नाही’! माहूरला गेलेल्या भाविकाने हॉटेलात काय मागावे, तक्रार कधी करावी?

माहूरगडावर रेणुकामातेचे दर्शन, मग दत्तशिखर, मग अनसूया शिखर. गाडी खाली गावात येईपर्यंत दुपारचे तीन वाजतात. सोबत आजी असते, दोन लहान मुले असतात, एखाद्याचा उपवास असतो. हॉटेलात बसल्यावर वेटर लॅमिनेशन केलेले आठ पानी मेन्यू कार्ड आणून ठेवतो आणि पुढचा संवाद साधारण असा होतो.

‘‘काजू करी?’’
‘‘नाही.’’
‘‘शेवभाजी?’’
‘‘ती संध्याकाळी मिळेल.’’
‘‘बरं, तंदुरी रोटी तरी?’’
‘‘तंदूर बंद आहे दादा. पोळी आहे.’’
‘‘मग आहे तरी काय?’’
‘‘थाळी. पण थोडं थांबावं लागेल.’’

माहूरच नव्हे, तुळजापूर, अंबाजोगाई, औंढा नागनाथ अशा कोणत्याही तीर्थक्षेत्री जाऊन आलेल्या कुटुंबाला हा संवाद पाठ असतो. चिडचिड होते, गुगलवर एक तारा दिला जातो आणि विषय संपतो. पण मेन्यू कार्डवर छापलेला पदार्थ न देणे हा कायद्याने गुन्हा आहे का? ग्राहकाचा हक्क नेमका कुठून सुरू होतो? आणि पदार्थ द्यायचा नसेल, तर हॉटेलवाले तो छापतात तरी कशाला?

मेन्यू कार्ड हे वचन आहे का?

नाही. कायद्याच्या भाषेत मेन्यू कार्ड हा ‘प्रस्ताव’ नसून प्रस्तावासाठी दिलेले ‘निमंत्रण’ असते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यानुसार एकाने प्रस्ताव ठेवला आणि दुसऱ्याने तो स्वीकारला, तरच करार होतो. हॉटेलात प्रस्ताव ठेवतो तो ग्राहक: ‘‘दोन काजू करी द्या.’’ वेटरने ऑर्डर घेतली, की स्वीकार झाला. ‘‘नाही’’ म्हटले, तर करारच झाला नाही.

दुकानाच्या फळीवरच्या मालाबाबत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५३ मध्ये बूट्स या औषध दुकानाच्या खटल्यात हाच मुद्दा स्पष्ट केला होता. फळीवर वस्तू मांडणे म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ग्राहक ती काउंटरवर नेतो तो प्रस्ताव, असे न्यायालयाने म्हटले. भारतातही कायद्याच्या वर्गात हे उदाहरण हमखास शिकवले जाते.

म्हणजे टेबलावर बसल्या बसल्या ‘‘आज नाही’’ असे उत्तर मिळाले, तर ते निराशाजनक आहे, बेकायदा नाही. कार्डवरच्या पानभर पदार्थांपैकी दहाच मिळत असले, तरी ग्राहक उठून जायला मोकळा असतो आणि हॉटेलवालाही त्याच्यापुरता सुटतो. सोशल मीडियावर ‘कार्डवर छापले म्हणजे द्यावेच लागेल’ असे ठणकावून सांगणारे व्हिडीओ फिरतात. त्यावर विसंबून कुणी हॉटेलवाल्याशी हुज्जत घालू नये.

मग ग्राहकाचा हक्क सुरू कुठे होतो?

पैसे दिले किंवा देण्याचे ठरले, तिथून. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात पैसे देऊन, देण्याचे कबूल करून किंवा अर्धे देऊन सेवा घेणारा तो ‘ग्राहक’. सेवेत जे ठरले होते त्यात उणीव राहिली, तर ती ‘सेवेतील त्रुटी’. ऑर्डर घेतली, चाळीस मिनिटे बसवून ठेवले, मग ‘‘संपलं’’ सांगितले आणि तरीही बिलात रक्कम लावली, तर ही त्रुटी आहे. थाळीच्या फलकावर गोड पदार्थ लिहिला आहे, थाळीचे पूर्ण पैसे घेतले आणि गोड दिलेच नाही, तर हीसुद्धा त्रुटीच.

हा फरक समजून घ्यायला दक्षिणेतली दोन प्रकरणे फार उपयोगी आहेत. एक लोणच्याचे, दुसरे रश्श्याचे.

तमिळनाडूतील विलुपुरम येथे एका व्यक्तीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नातेवाइकाच्या वर्षश्राद्धानिमित्त अन्नदानासाठी २५ जेवणांचे पार्सल मागवले. एका जेवणाचे ८० रुपये, म्हणजे एकूण २ हजार. जेवणात लोणचे मिळेल असे ठरले होते. पार्सल उघडले तर लोणचे नाही. एका पुडीची किंमत एक रुपया धरून त्यांनी २५ रुपये परत मागितले, हॉटेलने नकार दिला. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात गेले. जुलै २०२४ मध्ये आयोगाने हॉटेलला ३५ हजार रुपये द्यायला सांगितले: ३० हजार मनस्तापाचे, ५ हजार खटल्याच्या खर्चाचे. शिवाय लोणच्याचे २५ रुपये वेगळे.

दुसरे प्रकरण केरळमधले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील एका हॉटेलात ग्राहकाने परोटा आणि बीफ फ्राय मागवले आणि सोबत रस्सा हवा, असा आग्रह धरला. हॉटेलने सांगितले, आम्ही रस्सा देत नाही. ग्राहकाने तक्रार केली, भरपाई मागितली. मे २०२५ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाने ती फेटाळली. हॉटेलने रस्सा देऊ असे कुठे म्हटले नव्हते, त्याचे पैसे घेतले नव्हते. मग न दिल्याची त्रुटी कशी, हा आयोगाचा तर्क होता.

एक रुपयाच्या लोणच्याला ३५ हजार आणि रश्श्याला शून्य. रक्कम किती लहान, याला महत्त्व नाही. ‘देऊ’ म्हटले होते का आणि त्याचे पैसे घेतले का, एवढेच आयोगाने तपासले.

स्वस्त थाळीचा फ्लेक्स लावला आणि थाळी कधीच नसते, तर?

ही मेन्यू कार्डपेक्षा वेगळी गोष्ट आहे, कारण फ्लेक्स ही जाहिरात असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ‘आमिष दाखवणाऱ्या जाहिराती’चा वेगळा विचार आहे. कमी किमतीचे आमिष दाखवून बोलवायचे आणि मग महागडा पदार्थ गळ्यात मारायचा, हा तो प्रकार. जाहिरातीमुळे जेवढी मागणी येईल असा वाजवी अंदाज आहे, तेवढा पुरवठा जाहिरातदाराकडे हवा, अशी अट त्या सूचनांत आहे. तेव्हा रस्त्यावर ‘९९ रुपयांत पोटभर’ आणि आत गेल्यावर रोज ‘‘ती संपली, स्पेशल थाळी आहे २२० ची’’ असे होत असेल, तर ते ‘आज नाही’च्या पलीकडचे आहे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अर्थात एखाद्या खानावळीला कुणी १० लाखांचा दंड लावायला जाणार नाही, हेही खरे. पण फ्लेक्सचा फोटो काढून ठेवला, तर जिल्हा आयोगापुढे तो भक्कम पुरावा ठरतो.

पण पदार्थ नसतोच का?

यात लबाडी असतेच असे नाही. बऱ्याचदा कारण भटारखान्यात सापडते.

मेन्यू कार्डवरचे पदार्थ जितके दिसतात, तितके ते वेगवेगळे नसतात. पंजाबी भाज्यांची पाच पाने तीन-चार ग्रेव्हींवर उभी असतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी, आणि एखादी पिवळी किंवा तपकिरी. सकाळी काजूची ग्रेव्ही लावली नाही, तर काजू करी, मलाई कोफ्ता, शाही पनीर आणि त्यांचे भाऊबंद एकदम ‘आज नाही’ होतात. तंदूर तापायला वेळ लागतो आणि त्यावर बसणारा माणूस वेगळा. तो गावी गेला, की रोटी, नान, कुलचा, पनीर टिक्का अशी दोन पाने गेली. चायनीजला वेगळी भट्टी, वेगळा कारागीर. डोशाचे पीठ आदल्या रात्री आंबवायला ठेवावे लागते. सकाळी आठवण होऊन उपयोग नाही. साबुदाणा भिजायला चार-पाच तास जातात, त्यामुळे दुपारी दोनला खिचडी संपली की ती रात्रीपर्यंत संपलेलीच असते. नवरात्रात उपवास करून आलेल्या माणसाला ‘खिचडी संपली’ याचा अर्थ ‘आज जेवण नाही’ असा होतो. पनीर फ्रीजमधून निघते, आणि वीज गेली की फ्रीजचाही भरवसा नाही.

त्यात माहूरची गर्दी सरळ रेषेत येत नाही. शारदीय नवरात्रात, दत्तजयंतीला, नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेला लोटच्या लोट येतात. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, शाळेच्या सुट्या यांचा अंदाज बांधता येतो. पण श्रावण संपल्यावरचा एखादा साधा बुधवार असेल, तर ताटे मांडून वाट बघायची वेळ येते. कार्ड छापले जाते यात्रेच्या दिवसासाठी, आणि चूल पेटते बुधवारच्या गिऱ्हाइकासाठी. गोम इथेच आहे.

‘संपलं’ हे हॉटेलवाल्याला परवडते का?

परवडते, आणि त्याचे गणितही सोपे आहे. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्याला ‘न्यूजव्हेंडर प्रॉब्लेम’ म्हणजे पेपरवाल्याचे कोडे म्हणतात. पेपरवाल्याने सकाळी किती अंक उचलायचे? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जाते, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी.

समजा थाळी १२० रुपयांना विकली जाते आणि तिला लागणारे सामान ७० रुपयांचे आहे. एक थाळी जास्तीची केली आणि विकली गेली, तर ५० रुपये सुटतात. नाही विकली, तर ७० रुपये बुडतात, कारण उरलेला भात-भाजी उद्या वाढता येत नाही. हिशेब मांडला, तर पुढची थाळी विकली जाण्याची शक्यता साधारण ५८ टक्क्यांच्या वर असेल, तरच ती रांधण्यात अर्थ आहे. याचा सरळ अर्थ असा, की हिशेबाने चालणारा मालक एवढेच रांधेल, की दहापैकी जवळपास सहा दिवस त्याची थाळी संपेल. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण सामान महाग आणि नफा कमी असेल तिथे उत्तर असेच येते. ‘संपलं’ हा शब्द त्याच्या दृष्टीने अपयश नसून नियोजन असते.

नांदेड किंवा लातूरमधल्या चालत्या हॉटेलात या गणितात आणखी एक आकडा येतो. संपले म्हणून परत गेलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल, महिनाभराचे गिऱ्हाईक तुटेल, ही भीती. तिथला मालक म्हणून चार थाळ्या जास्त करतो. तीर्थक्षेत्री ही भीती कमी असते. नांदेडहून सुमारे सव्वाशे किलोमीटर आलेले कुटुंब पुन्हा वर्षाने येणार, लातूरचे त्याहून लांबून आलेले. आणि तेव्हा त्यांना हॉटेलचे नावही आठवणार नाही. गिऱ्हाईक एकदाच येणार असेल, तर त्याला नाराज करण्याची किंमत मालकाला मोजावी लागत नाही. सेवा ढिली पडण्याचे मोठे कारण हे आहे, आणि उद्धट वेटर त्या मानाने किरकोळ. फोनवरच्या रिव्ह्यूंनी यात थोडा फरक पाडला आहे, कारण पुढचा अनोळखी भाविक आता हॉटेलात शिरण्याआधी तारे बघतो.

म्हणूनच रिव्ह्यू लिहायचा तर तो उपयोगाचा लिहावा. ‘वर्स्ट सर्व्हिस’ यातून कुणाला काही कळत नाही. ‘मंगळवारी दुपारी तीन वाजता फक्त थाळी मिळाली, तंदूर संध्याकाळी सुरू होतो’ असे लिहिले, तर पुढच्या कुटुंबाचा तास वाचतो.

आणि एक बाजू विसरून चालणार नाही. नांदेड जिल्ह्यातच लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये धार्मिक कार्यक्रमातील प्रसादातून सुमारे २ हजार जणांना विषबाधा झाली होती. ते हॉटेल नव्हते, पण मोठ्या प्रमाणावर रांधलेले अन्न बिघडले की काय होते, हे जिल्ह्याने पाहिले आहे. सकाळचे उरलेले गरम करून ‘‘आहे ना, देतो’’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘‘संपलं’’ म्हणणारा कधीही बरा.

मोठ्या कंपन्यांवर अशी वेळ येत नाही का?

येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीकडे चक्क चिकन संपले. माल पोहोचवणारी कंपनी बदलली, नव्या व्यवस्थेचा गोंधळ उडाला आणि तिथल्या सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून अधिक बंद ठेवावी लागली. कंपनीने वृत्तपत्रांत रिकाम्या बकेटचे चित्र टाकून पानभर माफी मागितली. जुलै २०२३ मध्ये भारतात टोमॅटोचे भाव भडकले, तेव्हा मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांत बर्गरमधून टोमॅटो गायब झाला. पण दर्जाचा टोमॅटो मिळत नसल्याने तो देता येत नाही, अशी सूचना दुकानात लावली होती. ग्राहकाला पैसे देण्याआधीच कळत होते.

नसलेला पदार्थ गुपचूप दुसऱ्याने बदलणे मात्र वेगळे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केडगाव येथील मॅकडोनाल्ड्सच्या दुकानाची तपासणी केली. चीजऐवजी चीजसदृश पदार्थ वापरल्याचा ठपका ठेवत परवाना निलंबित झाला. आपण अस्सल चीजच वापरतो, असे कंपनीने सांगितले. मात्र त्यानंतर काही पदार्थांच्या नावातून ‘चीज’ हा शब्द काढण्यात आला. पदार्थाचे नाव हाही एक दावा असतो, हे या प्रकरणात दिसले. ‘काजू करी’त काजूऐवजी शेंगदाण्याची ग्रेव्ही आली, तर ती ‘आज नाही’पेक्षा गंभीर बाब आहे, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी धोक्याचीसुद्धा.

हॉटेलवाल्याला सोपे काय करता येईल?

फळा. जुन्या खानावळींत दारातच काळा फळा असायचा आणि त्यावर खडूने ‘आजचे पदार्थ’. संपले की ओळ पुसायची. पुण्यातल्या ‘संपले’ पाट्यांची टिंगल खूप होते, पण ती पाटी गिऱ्हाइकाला पायरीवरच खरे सांगते. लॅमिनेशनचे आठ पानी कार्ड ते सांगत नाही. शहरातल्या ऑनलाइन ऑर्डरच्या ॲपवर हॉटेलवाला संपलेला पदार्थ एका बटणाने झाकू शकतो. फळा हे त्याचेच दहा रुपयांच्या खडूतले रूप.

यात्रेच्या दिवसांत तर कार्ड बाजूला ठेवून एका कागदावर दहा पदार्थ लिहिले, तरी वेटरचे शंभर ‘नाही’ वाचतात. लांबून आलेल्या माणसालाही पिठले-भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वरण-भात एवढे गरम मिळाले, की काजू करीची आठवण राहत नाही.

जाण्याआधी ग्राहकाने काय बघावे?

गुगल मॅपवरचे मेन्यूचे फोटो बऱ्याचदा कुणा जुन्या ग्राहकाने टाकलेले असतात. फोटोवर टॅप केले की महिना-वर्ष दिसते. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या दरावरून आज वाद घालता येत नाही. त्यापेक्षा गडावरून निघताना हॉटेलला फोन करून ‘‘आत्ता काय काय आहे?’’ एवढे विचारलेले बरे. टेबलावर बसल्यावरही कार्ड उघडण्याआधी हाच प्रश्न विचारावा.

बस किंवा ट्रॅव्हल्स करून तीस-चाळीस जण येणार असतील, तर मात्र नुसता फोन पुरत नाही. थाळ्या किती, थाळीत काय काय, दर किती, वेळ कोणती आणि ॲडव्हान्स किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे आणि समोरून ‘हो’ आल्यावरच पैसे टाकावेत. तो ‘हो’ म्हणजे करार. विलुपुरमच्या लोणच्याचे प्रकरण उभे राहिले ते याच प्रकारच्या मोठ्या ऑर्डरवर.

बिल मागितले तर देत नाहीत, काय करायचे?

फोनपे किंवा गुगल पेचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले, एवढेच त्यातून सिद्ध होते. कशाचे गेले, ते नाही. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या हॉटेलने २०० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे बिल द्यायलाच हवे. त्याखालच्या रकमेचेही ग्राहकाने मागितले तर द्यावे लागते. अगदीच बिलबुक नसेल, तर कागदावर पदार्थ आणि रक्कम लिहून हॉटेलचा शिक्का घ्यावा.

बिलावर दोन गोष्टी बघण्यासारख्या. साध्या हॉटेलचा जीएसटी ५ टक्के असतो. ‘कंपोझिशन स्कीम’मधले छोटे हॉटेल ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. दुसरी गोष्ट, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे, आणि हॉटेलचे खरे नाव माहीत नसले तरी तक्रारीत तो चालतो.

सेवा शुल्काचा प्रश्न माहूरपेक्षा पुण्या-मुंबईत जास्त येतो. ते बिलात परस्पर लावता येणार नाही, या प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी कायम ठेवल्या. सेवा आवडली तर टीप द्यावी, नाही आवडली तर देऊ नये, सक्ती नाही. पाण्याच्या बाटलीबाबत मात्र ग्राहकांची समजूत अनेकदा चुकीची असते. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे.

तक्रार करायला पुन्हा माहूरला किंवा नांदेडला जावे लागते का?

नाही. २०१९ च्या कायद्यातला हा मोठा बदल आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. माहूरच्या हॉटेलविरुद्ध लातूरकराला लातूरला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्याला पुण्यात. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि अर्ज ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून भरता येतो. जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे.

त्याआधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीतही बोलता येते. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, ती समोरच्या व्यावसायिकाकडे तक्रार पोहोचवून तडजोड घडवते. मोठ्या साखळी हॉटेलांबाबत त्याचा परिणाम लवकर दिसतो. ईमेलसुद्धा नसलेल्या खानावळीबाबत फार अपेक्षा ठेवू नये. तिथे आधी साधी लेखी नोटीस पाठवलेली बरी. व्हॉट्सॲपवर पाठवली आणि दोन निळ्या खुणा आल्या, तर त्याचाही स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

तक्रार शिळ्या अन्नाची, भेसळीची किंवा अस्वच्छतेची असेल, तर ग्राहक आयोगापेक्षा अन्न व औषध प्रशासनाचा रस्ता जवळचा. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. नमुना घ्यायचा तर पदार्थ शिल्लक असताना फोन करावा लागतो, घरी पोहोचल्यावर नाही.